रात्रभर झोपली

जी गोष्ट मी पंचवीस वर्षं कोणाला सांगितली नाही ती सांगायला दोन ओळी पुरतात. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना रोज रात्री दोनदा उठायची. आणि सकाळी मी तिच्या आईला सांगायचो, "रात्रभर झोपली. एकदाही उठली नाही."

एकोणीस दिवस मी हे सांगितलं. हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही, तो कुठून आला ते पुढे येईलच.

मार्गशीर्ष सरत आला की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला लागतात. पिवळी पानं, अर्धी पिवळी पानं, बोटांच्या चिमटीत धरलेलं एखादं गळून पडलेलं पान. खाली एकच प्रश्न असतो, "साहेब, ताण बसला का?" मी ठिबकच्या धंद्यातला माणूस. पूर्वी साक्रीकडे शेताशेतांतून नळ्या अंथरत हिंडायचो, आता जळगावात दुकानाच्या खुर्चीत बसून सल्ले देतो. ज्यांचा डाळिंबाशी संबंध बाजारापुरताच आहे त्यांच्यासाठी सांगतो. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी बंद करावं लागतं. तीन-चार आठवडे थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी होतात, गळतात, झाड नुसत्या काड्यांचं होतं. मग एके दिवशी पाणी सोडायचं, की थोड्या दिवसांत फांदीफांदीला लाल कळी. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर फुलं येत नाहीत, जास्त झाला तर फांदी शेंड्याकडून वाळत येते. कुठे थांबायचं ते ओळखणं, एवढंच माझं काम. लोक म्हणतात मला ते चांगलं जमतं.

यंदा पानांचे फोटो सुरू झाले आणि घरात चार महिन्यांचं बाळ आहे. तीच मुलगी, मयूरी, बाळंतपणाला आली ती अजून इथेच आहे, संक्रांत झाली की जाईल. नातू मधे महिनाभर छान झोपत होता. आता पुन्हा रात्री उठतो. पलीकडच्या खोलीतून आवाज येतो आणि मी इकडे डोळे उघडे ठेवून पडून राहतो. पहिली कुरकुर, मग थोडं थांबणं, मग दुसरी. पंचवीस वर्षं झाली, तरी त्या दोन कुरकुरींच्या मधली शांतता मला ओळखीची वाटते. वयाने झोप कमी झाली, असं मंगलाला सांगतो. मंगला म्हणजे माझी बायको. ती विश्वास ठेवते. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची तिला जुनी सवय आहे.

परवा दुपारी गच्चीवर उन्हात बसलो होतो. मयूरी बाळाला तेल लावत होती, मंगला अळिवाचे लाडू वळत होती. मयूरीचे डोळे झोपेने सुजलेले.

"आई, हे रात्रीचं उठणं भूक असते की सवय गं?"

"मला काय विचारतेस? मला कुठे अनुभव आहे!" मंगला हसली. "तू पाच महिन्यांची झालीस आणि रात्रभर झोपायला लागलीस. विचार तुझ्या बाबांना, तेच असायचे तुझ्याजवळ. तू गुणाची होतीस. माझंच दूध टिकलं नाही."

"म्हणजे माझंही जाणार."

"जाईल असं नाही गं. पण आपल्याकडे बायकांचं टिकत नाही, एवढं खरं. म्हणून तर म्हणते, लाडू खा. तोंड वाकडं करू नकोस."

"लाडवांनी काही होत नाही. मी रात्रीचा पावडरचा डबाच सुरू करते. जाणारच असेल तर त्याच्या मागे रात्र रात्र कशाला जागायचं? आणि कळत तर काहीच नाही, भूक आहे का नुसती सवय. बाबा, तुम्ही सांगा ना. पानं बघून झाडाचं ओळखता म्हणे."

मी फोन आल्यासारखं करून उठलो. फोन आला नव्हता.

साक्रीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढची खोली, मागची खोली, मागे न्हाणी. घरात मी, मंगला, माझी माय आणि मयूरी. त्या वर्षीची थंडी अशी की सकाळी पितळी तांब्याला हात लावायला नको वाटायचं. कान नदीच्या बाजूने धुकं गल्लीत शिरायचं आणि त्यात कोणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून शेकत बसलेलं असायचं. तो धूर गोधडीत भरायचा. आजही जळगावात भरताच्या हंगामात वांगी भाजायला पऱ्हाट्या पेटल्या की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला साखरेच्या पाण्याची वाटी दिसते.

मंगला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा डोंगरातल्या एका पाड्यावर. रजा संपल्यावर ती सकाळी जीपने जायची, यायला संध्याकाळ व्हायची. दिवसभर माय बाळाला वाटी-चमच्याने गाईचं पातळ दूध पाजायची. म्हणजे आईचं दूध पोरीला सकाळी जाताना, संध्याकाळी आल्यावर आणि रात्रीच मिळायचं. हा साधा हिशेब मला तेव्हा दिसला नाही. शेताला चोवीस तासांत किती पाणी मिळतं ते मी झोपेतही सांगितलं असतं.

मंगला रात्री दोन-तीनदा उठायची आणि दिवसभर शाळेत उभी राहायची. एका संध्याकाळी भाकरी थापताना तिचा डोळा लागला. ती तशीच पुढे झुकली आणि मनगट तव्याला टेकलं. ओरडलीसुद्धा नाही. हाताकडे बघत बसली, जणू दुसऱ्याच कोणाचा हात आहे. त्या रात्री मी म्हणालो, "आजपासून तू पुढच्या खोलीत मायजवळ झोप. रात्रीचं मी बघतो."

"तिला भूक लागली तर?"

"लागली तर उठवीन ना."

आतून ते तिच्याबद्दलचं प्रेमच होतं, हे मी अजूनही म्हणेन. पण निव्वळ तेवढंच नव्हतं. मला वाटत होतं, मला कळतं.

त्याच आठवड्यात मी दगडूनानांच्या बागेचं पाणी बंद केलं होतं. साक्रीपासून थोड्या अंतरावर नानांची चारेकशे डाळिंबं होती. धोतर, डोक्याला मफलर, तोंडात सदा लवंग. पूर्ण माझ्या जबाबदारीवर दिलेला तो पहिला ताण. मी तिशीच्या आतला पोरगा आणि नाना झाडांत म्हातारे झालेले, पण "साहेब सांगीन तसं" म्हणून त्यांनी पाण्याचा कॉक माझ्या हातात दिला होता. पहिल्याच दुपारी झाडं मलूल दिसली आणि मी घाबरलो. नाना म्हणाले, "दुफारले बठ्ठाच झाडे मान टाकतस, भाऊ. उन्हानी सवय शे ती. सकायले ईसन देख. सकायलेबी पान उभं नही व्हयनं, ते मंग खरी तीस शे."

दुपारची मलूल झाडं फसवतात, पहाटेचं पान खोटं बोलत नाही, असा त्याचा अर्थ. मी ते डायरीत लिहून घेतलं. हीच गोष्ट मी पुढे कितीतरी शेतकऱ्यांना स्वतःची म्हणून सांगितली.

आणि ही गोष्ट मी घरी नेली. झाडाची तहान खरी की सवयीची हे ओळखता येतं, तर पोरीची भूक का नाही ओळखता येणार? मी तिच्या उठण्याच्या वेळा त्याच डायरीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. पुढून नानांची बाग, मागून माझी मुलगी. दोन वाजून दहा. पाच वाजायला वीस. दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच. मग सव्वादोन. ते चार दिवस मी मंगलाला उठवत होतो; चार दिवसांत मला वाटलं, सापडलं. भुकेला कुठे घड्याळ कळतं? रोज त्याच वेळी उठते म्हणजे ही सवय आहे. आता कधी दुकानात जेवणाच्या वेळेला डबा उघडतो तेव्हा मनात येतं, मलाही रोज एकच्या सुमारास भूक लागते. ती खोटी असते का?

मग मी परीक्षा घेतली. माय झोपली की पाणी उकळायचं, चिमूटभर साखर टाकायची, थर्मासमध्ये भरून झोळीखाली ठेवायचं. पोर उठली की अंधारात दोन चमचे, चार चमचे. ती चमचा दोन्ही हिरड्यांत धरून ठेवायची, सोडायची नाही. मग झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी पडल्या पडल्या झोका द्यायचो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ती झोपायची. मी अंधारात खूश व्हायचो. भूक असती तर नुसत्या पाण्यावर झोपली असती का? बघा, सवयच.

पहिल्याच परीक्षेनंतर सकाळी मंगलाने विचारलं, "किती वेळा उठली?" तिने केस वर बांधले होते, डोळे स्वच्छ होते. कितीतरी दिवसांनी तो चेहरा दिसला होता. खरं सांगितलं तर ती रात्री पुन्हा मागच्या खोलीत येईल, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "रात्रभर झोपली."

"खरंच?" तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अहो, खरंच?"

एवढा आनंद दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो परत कसा घ्यायचा?

आता जे लिहितोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. पहिला आठवडाभर मंगलाची छाती सकाळी दगडासारखी व्हायची. पोलकं भिजलेलं असायचं. पोर सकाळी प्यायची, पण रात्रभराचं साचलेलं ते तिच्याने एका वेळी संपायचं नाही. शाळेत जाईपर्यंत पुन्हा दुखायचं. मग मंगला न्हाणीत जाऊन उरलेलं पिळून टाकायची. मी बाहेर दात घासत उभा असायचो. मोरीतून जाणाऱ्या पाण्याला पांढरट रंग असायचा. पलीकडे झोळीखाली माझा थर्मास. दोन्ही मला दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात पोलकं कमी भिजायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "बरं झालं बाई, दुखायचं थांबलं."

मी नळाचा माणूस. मागणी बंद झाली की पुरवठा बंद होतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

गल्लीत माझं नाव झालं होतं. शेजारच्या बायका मंगलाला म्हणायच्या, "तुझा नवरा रात्रीचं पोर सांभाळतो? आमचे तर कूससुद्धा बदलत नाहीत." माय तोंडाने कुरकुरायची, "बायकोना गुलाम," पण तिलाही कुठेतरी कौतुक होतं. मला ते सगळं आवडत होतं. हे कबूल केलं नाही तर बाकीचं कबूल करण्यात काही अर्थ नाही.

मायचंच एक वाक्य. एकदा संध्याकाळी ती पोरीला मांडीवर घेऊन तिची बोटं मोजत बसली होती. म्हणाली, "भुकेलं पोरनी मूठ बांधेल ऱ्हास. पोट भरनं का आपोआप उघडी जास." खेळता खेळता बोलली आणि विसरून गेली. मी विसरलो नाही. दुसऱ्या पहाटे, उजेड फुटायच्या सुमाराला, मी झोळीत वाकून बघितलं. पोर झोपलेली होती. मूठ घट्ट बांधलेली. अंगठा आत, चार बोटं वरून.

पहाटेचं पान. नानांनी सांगितलेली खूण समोर होती आणि मला ती वाचता येत होती. मी तिची बोटं हळूच उघडायला गेलो. ती पुन्हा मिटली. तेवढ्यात मंगला दारात आली, डोळे चोळत.

"झोपली ना?"

"रात्रभर," मी म्हणालो.

साखरेचं पाणी सुरू केल्यापासून डायरीत ती सकाळ नववी आहे. पहिल्या आठ दिवसांबद्दल मी म्हणू शकतो की मला कळलं नाही. नवव्या सकाळपासून तसं म्हणता येत नाही. नंतरचे दहा दिवस मी जाणूनबुजून काढले, रोज वाटायचं, आज रात्री नाही उठणार, आज सवय मोडेल, मग मी बोललो ते खरं होऊन जाईल. खोटं बोलणाऱ्याला दुसरी काय आशा असते?

नानांच्या बागेत त्याच दिवसांत एकदा मी बांधावर बसल्या बसल्या पेंगलो. नानांनी कोपराने ढोसलं.

"काय भाऊ, रातले चोऱ्या करस का?"

"पोर उठते, नाना. तिची सवय मोडतोय." आणि मग बढाई मारायची लहर आली. "तिलाही ताण दिलाय, तुमच्या बागेसारखा."

नाना नेहमी हसायचे, तेव्हा हसले नाहीत. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. म्हणाले, "झाडले ताण देतस तो फयनाकरता. पोरकडथीन काय काढनं शे तुले?"

झाडाला ताण फळासाठी; पोरीकडून मला काय काढायचं होतं? मी काहीतरी उत्तर दिलं. तिच्या आईला झोप मिळावी म्हणून, असं काही. नानांनी मंगलाबद्दल विचारलं, "तिनी मायले चालस का?" मी म्हणालो, "हो." नानांनाही मी अर्धंच सांगितलं, आणि त्या अर्ध्यातही एक खोटं घातलं. नाना उठून झाडांत निघून गेले. त्यांचा प्रश्न मला कोणत्याही वर्षी, कोणत्याही बागेत पाणी बंद करताना ऐकू येतो.

अंगणवाडीच्या काट्यावर महिन्याभरात पोरीचं वजन हललं नाही. मंगलाने सुट्टी टाकली आणि आम्ही तिला घेऊन धुळ्याला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि बघत राहिले.

"रात्री किती वेळा पाजता?"

"रात्री उठतच नाही हो डॉक्टर," मंगला म्हणाली. आवाजात जरा अभिमानच होता. "शांत झोपते. हे असतात रात्री तिच्याजवळ."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिथे बोललो असतो तर सगळं दोन मिनिटांत निपटलं असतं. डॉक्टर रागावले असते, मंगला रडली असती, रात्री पोरीला तिच्या कुशीत दिलं असतं आणि दूध कदाचित पुन्हा आलं असतं. मी मान हलवली. डॉक्टर खाली बघून लिहायला लागले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "बाईंचं दूध कमी पडतंय. अंगावरचं पुरत नाहीये. वरचं सुरू करा, रात्री उठवून पाजा."

परतीच्या बसमध्ये मंगला खिडकीशी बसली होती. पोर शालीत गुंडाळलेली. नेर गाव मागे पडलं. मग बाहेर बघत म्हणाली, "मी काही चुकीचं खाल्लं का हो?"

मी म्हणालो, "होतं असं काही जणींचं."

सकाळची ती एकोणीस वाक्यं एका बाजूला ठेवा आणि हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला. मला हे जड वाटतं. पहिली वाक्यं पोरीबद्दल होती आणि ती एकोणिसाव्या दिवशी थांबली. हे वाक्य मी मंगलाच्या अंगावर घातलं आणि ते ती अजून घालून फिरते.

त्या रात्री मी पहिल्यांदा बाटली भरली. दोन वाजून दहा मिनिटांनी पोर कुरकुरली. बाटलीचं निपल ओठांना लागलं मात्र, तिने डोळे न उघडता प्यायला सुरुवात केली. घोट ऐकू येत होता. एक घोट, श्वास, एक घोट, श्वास. सवयीने उठलेलं मूल दोनदा चोखतं आणि झोपी जातं, हे मला पुढे वाचून कळलं. भुकेलं मूल गिळतं, आणि गिळण्याला आवाज असतो. ओळखायला एवढंच पुरे होतं. त्यासाठी आधी काहीतरी प्यायला द्यावं लागतं, एवढीच अट. बाटली संपली आणि तिची मूठ सैल झाली. बोटं एकेक करून उघडली, शेवटी अंगठा. मी तळहाताकडे बघत बसलो. बोटांच्या वळ्यांत मळ साचला होता. तीन आठवडे तो हात कोणी नीट उघडून धुतला नव्हता.

नानांच्या बागेचं पाणी मी त्याच आठवड्यात सोडलं. त्या वर्षी त्यांना असा बहार लागला की लोक बघायला यायचे. माझं नाव झालं ते तिथूनच.

नंतर मायने मंगलाचं खाणं हातात घेतलं. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, लसणाची चटणी, शतावरी. मंगला निमूट खायची. मायचा जीव पोरीवर होता, तोंड मात्र तिखट. "इतलं खाईसनबी दूध नही. जास कथा बठ्ठं?" खाल्लेलं सगळं जातं कुठे, हा तिचा रोजचा प्रश्न. मी तिथेच भिंतीला टेकून चहा पीत असायचो. बोलायला तोंड उघडलं की चहाचा घोट घ्यायचो. आज सांगू, रविवारी सांगू, मायने टोमणा मारला नाही त्या दिवशी सांगू. दोन महिने गेले. मग मंगलाने खीर खायची सोडली आणि माय टोमणे मारायची थांबली, आणि मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. मयूरी तीन वर्षांची झाल्यावर मी दुसऱ्या मुलाचा विषय काढला. मंगला इस्त्री करत होती. म्हणाली, "एकीलाच पुरलं नाही माझं. दुसऱ्याला काय देऊ?" इस्त्री फिरवत राहिली. तो विषय मी पुन्हा काढला नाही, तिनेही काढला नाही.

माय गेली तीही हेच समजून. मंगलाने ही गोष्ट शाळेत सांगितली, बारशांना सांगितली, जावांना सांगितली, आणि दर वेळी शेवटी म्हणाली, "पण हे मात्र रात्र रात्र जागायचे हो पोरीसाठी." अशा वेळी मला पाण्याचा ग्लास हवा असायचा. आता मयूरीला सांगताना त्याचं घराणं झालं आहे. "आपल्याकडे बायकांचं टिकत नाही." माझ्या सासूबाईंनी पाच मुलं अंगावरच्या दुधावर वाढवली. ते मंगलालाही आठवत नाही.

काल सकाळी मंगला पावडरचा डबा आणायला मेडिकलमध्ये गेली. संक्रांतीचे तीळही आणणार होती, म्हणजे तासभर. मयूरी गच्चीवर बाळाला घेऊन बसली होती. मी कपाटाच्या वरच्या फळीवरून डायरी काढली, धूळ झटकली आणि मागचं पान उघडून तिच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे, बाबा?"

"तू उठायचीस त्या वेळा."

"पण मी तर उठायचेच नाही."

"उठायचीस. रोज दोनदा."

तिने ओळींवरून बोट फिरवलं. आधीचे चार दिवस सोडले तर एकोणीस ओळी. शाई निळी होती, आता तपकिरी दिसते. मी बाकीचं सांगितलं. थर्मास, मोरी, धुळे, बस. जितकं इथे लिहिलं तितकंही नाही. बाळाने मान वळवली, तोंड तिच्या छातीवर घासलं, तिने पदर घेतला. घोट ऐकू यायला लागला.

मयूरी तशीच पाजत म्हणाली, "आणि मला द्यायचात काय?"

"साखरेचं पाणी."

"म्हणून मी जेवायच्या आधी गोड मागते वाटतं." तिने हसायचा प्रयत्न केला. मग एकदम विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला का सांगितलंत?"

"तुला भीती वाटते म्हणून. तुझं दूध जाईल अशी. ते काही घराण्यात नाही, मयूरी. ते मी घालवलं होतं. तू पाजत राहा."

तिने डायरी मिटली. "म्हणजे मला उपयोग आहे म्हणून सांगितलंत. आईला आता उपयोग नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

तिने डायरी माझ्याकडे सरकवली. "ही तुमच्याजवळ ठेवा. मी नाही देणार तिला. आणि तिच्यासमोर मला काही माहीत नाही असं नाटकही फार दिवस करणार नाही."

मंगला आली. पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला, वर पावती ठेवली.

"आई, परत करून टाक तो," मयूरी म्हणाली. "नको मला. पुरतंय माझं. त्याला भूकच असते, मी ऐकलं."

"आत्ता पुरतंय गं. पुढचं काय?" मंगला माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी सांगा हिला. मागून रडत बसेल माझ्यासारखी."

मयूरी माझ्याकडे बघत होती. माझ्या खिशातला फोन वाजला, या वेळी खरंच. कोणाच्या तरी बागेतलं एक पिवळं पान आलं होतं. मी ते मोठं करून बघितलं, जेवढा वेळ बघता येईल तेवढा. मंगला डबा उचलून फळीवर ठेवायला गेली.

रात्री बाळ उठलं. पलीकडे दिवा लागला, मयूरी काहीतरी पुटपुटली, थोड्या वेळाने सगळं शांत झालं. माझ्या शेजारी मंगला जागी झाली होती. अंधारात म्हणाली, "पाजतेय वाटतं. पाजू दे. जितके दिवस आहे तितके दिवस." आणि कूस बदलली.

हा लेख लिहून झाला आहे, अजून पेपरला पाठवलेला नाही. छापून आला की मंगलाच्या हातात पडेल. माझं काही छापून आलं की ती आधी वाचते आणि मग शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना दाखवते. तिने हे छापलेलं वाचून समजून घ्यावं, हे मला चालणार नाही. एवढी तरी पळवाट मी ठेवायला नको. मयूरी जायच्या आधी, दिवसाउजेडी, मंगलासमोर बसून मला हे तिला सांगायचं आहे. ते माझ्याकडे पंचवीस वर्षांपासून आहे आणि ते तिचं आहे: तुझं दूध कमी नव्हतं. पोर रोज उठत होती. मी तुला खोटं सांगितलं.

आज सकाळपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.